उच्चाराच्या रकान्यात नेमके काय मोजायचे? खानदेशातील वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांच्या परीक्षकांस खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांचे सर्व आयोजक व परीक्षक

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सादर नमस्कार.

लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती १ ऑगस्टला एकत्र येते, आणि त्या दिवसापासून आपल्या तिन्ही जिल्ह्यांतील शाळांत भाषणांचा जो हंगाम सुरू होतो तो सावित्रीबाई, जिजाऊ, शिवजयंती असे टप्पे घेत २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत चालतो. या काळात आपल्या हाती जी गुणपत्रके येतात त्यांतील रकाने थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच असतात: आशय, मांडणी, भाषाशैली, उच्चार, सादरीकरण, वेळेचे भान. वेळ घड्याळात दिसते आणि आशयाबद्दल परीक्षकांत फारसा मतभेद होत नाही. भाषाशैली आणि उच्चार या दोन रकान्यांत मात्र जो तो आपल्या कानाला जे सवयीचे असेल त्याप्रमाणे गुण टाकतो, आणि चुरशीच्या स्पर्धेत क्रमांक बहुधा याच दोन रकान्यांत ठरतो. मी अनेक वर्षे मराठी शिकवले, मुलांना स्पर्धांना नेले, आपल्यासारखाच काही वेळा परीक्षकाच्या खुर्चीत बसलो. या दोन रकान्यांत काय मोजायचे हे लिहून दिलेले गुणपत्रक माझ्या पाहण्यात आलेले नाही. ते लिहिले जावे, म्हणून हे पत्र.

हल्लीच्या कार्यशाळांत यासाठी ‘डिक्शन’ हा शब्द सर्रास ऐकू येतो, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा पुण्याकडच्यासारखे बोलणे एवढाच घेतला जातो. वास्तविक त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे बोलणाऱ्याने किंवा लिहिणाऱ्याने त्या जागी, त्या श्रोत्यासाठी, त्या विषयाला कोणते शब्द निवडले. दुसरी म्हणजे निवडलेला प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत शाबूत पोहोचला की नाही. आपले दोन रकाने खरे तर याच दोन गोष्टींसाठी आहेत. पण प्रत्यक्षात पहिल्या रकान्यात शब्दांचा भरजरीपणा मोजला जातो आणि दुसऱ्यात मुलाचे गाव.

आधी उच्चाराचे पाहू, कारण तिथे नुकसान जास्त होते. आपल्याकडची मुले ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’ करतात, ही परीक्षकांची नेहमीची तक्रार. पानी, कोन, डोया, काया, केयी असे शब्द कानी पडले की हातातली पेन्सिल लगेच हलते. ठीक आहे, प्रमाण मराठीत बोलायचे ठरले तर ‘ण’ आणि ‘ळ’ यांचे उच्चार शिकायलाच हवेत, याबद्दल माझा वाद नाही. पण तीच पेन्सिल ‘ऋषी’चा ‘रुशी’ करणाऱ्या मुलासाठी का हलत नाही? ‘ष’ आणि ‘श’ यांतील फरक आज प्रमाण मराठी बोलणाऱ्या बहुसंख्य तोंडांतून नाहीसा झाला आहे. ‘ऋ’चा ‘रु’ झाला आहे. ‘ज्ञान’ आपण ‘द्न्यान’ म्हणतो, ‘सिंह’ ‘सिंव्ह’ म्हणतो, आणि परीक्षकही तसेच म्हणतात. हे सारे उच्चार संकेताने मान्य झाले, त्यामुळे ते कोणाच्या कानाला खुपत नाहीत. म्हणजे आपण ज्याला शुद्धता म्हणून गुण देतो ती एका विशिष्ट भागातील, एका विशिष्ट वर्गातील रूढी आहे. रूढी असणे हा काही गुन्हा नव्हे, व्यवहाराला एक समान रूप लागतेच. पण एका रूढीतला बदल क्षम्य आणि दुसरीतला गावंढळ, हा न्याय गुणपत्रकावर कोणी छापलेला नाही.

आणि आपल्या मुलांचा हा बदल आळसातून आलेला नसतो. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो तो नियमाने येतो: डोळा–डोया, गोळा–गोया, फळ–फय. लेवा बोलीतही तो ऐकू येतो. नियमाने होणारा बदल हा त्या बोलीचा स्वतःचा उच्चार असतो, चूक नसते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणातील १९०७ साली निघालेल्या खंडात खानदेशीची नोंद मराठीच्या बोलींत न करता भिल्ली भाषांसोबत केलेली आहे. ते वर्गीकरण आज सर्वांना मान्य होईलच असे नाही, तरीही ‘बिघडलेली मराठी’ म्हणून तिला झटकून टाकणाऱ्यांनी ते एकदा पाहावे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नोंदीखाली, जिच्यात अहिराणी येते, सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची मातृभाषा मोजली गेली. नंदुरबारचे तर आणखी वेगळे आहे. अक्कलकुवा, धडगाव भागातील मुलाच्या घरी भिली किंवा पावरी बोलली जाते. ते मूल मराठीत भाषण करते तेव्हा ते दुसऱ्या भाषेत भाषण करत असते. शहरातले मराठी घरातील मूल इंग्रजीत पाच मिनिटे न अडखळता बोलले तर आपण टाळ्या वाजवतो. धडगावच्या मुलाने मराठीत तेवढेच केले तर ‘उच्चारांकडे लक्ष द्यावे’ असा शेरा देतो.

यातली विसंगती सर्वांत ठळक दिसते ती काव्यवाचनाच्या स्पर्धेत. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या इतरांनी उतरवून घेतल्या, ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचा संग्रह निघाला. त्यांच्या शब्दांतला ‘ळ’चा ‘य’ छापताना कोणी सुधारला नाही, हे मराठीचे भाग्य. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. स्पर्धेत एखादी मुलगी त्यांची रचना त्याच उच्चारांत म्हणते तेव्हा परीक्षक मान डोलावतात, ‘मातीचा गंध’ वगैरे लिहितात. अर्ध्या तासाने तीच मुलगी वक्तृत्वासाठी उभी राहते, तिच्या तोंडून ‘डोया’ निसटतो आणि अर्धा गुण जातो. पहिल्या वेळी जो उच्चार वैभव होता तो दुसऱ्या वेळी दोष कसा झाला, हे त्या मुलीला कोण समजावणार?

मग उच्चारात काहीच मोजू नये काय? अवश्य मोजावे, आणि कसून मोजावे. शब्दाचा शेवट गिळला जातो का. वाक्याच्या अखेरीस आवाज इतका खाली जातो का, की क्रियापदच ऐकू येत नाही आणि मराठीत तर होकार-नकार सगळा तिथेच असतो. ‘काही’, ‘नाही’मधला ‘ह’ पुसला जातो का. जोडाक्षर फुटते का. श्वास चुकीच्या शब्दावर तुटून अर्थ बदलतो का. जिथे उच्चाराने अर्थ बदलतो तिथे तर जास्तच काटेकोर राहावे. मणभर कापूस आणि मनभर आनंद यांतला फरक ऐकू यायला हवा. भुसावळच्या एखाद्या हिंदी बोलणाऱ्या घरातले मूल ‘वेळ गेली’ ऐवजी ‘वेल गेली’ म्हणाले तर ऐकणारा क्षणभर घोटाळतोच, आणि तो घोटाळा ही मोजण्याजोगी गोष्ट आहे. याउलट ‘पानी’ म्हटल्याने खानदेशात कोणीही तहानलेला राहिलेला नाही.

जे मोजायला हवे आणि कोणी मोजत नाही त्याचेही एक उदाहरण देतो. ‘चार पेंढ्या चारा’ या तीन शब्दांत ‘च’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळा उच्चारला जातो. ‘चार’मधला तालव्य, ‘चारा’मधला दंततालव्य. ‘जरा थांब’मधला ‘ज’ वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’मधला वेगळा. लिपी दोघांना एकच अक्षर देते, त्यामुळे हे केवळ कानानेच शिकता येते. बैलांना चारा टाकणारे मूल हा ‘च’ कधीही चुकत नाही. पुस्तकातून मराठी शिकलेली शहरी मुले तिथे अडखळतात, पण ते अडखळणे ‘ग्रामीण’ नसल्यामुळे सुटून जाते.

पाणिनीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरील जुन्या ग्रंथात वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाण्यासारखे हेल काढून म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान हलवत म्हणणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणता म्हणणारा आणि क्षीण आवाजाचा. आपल्या स्पर्धांत यांतल्या शेवटच्याला बक्षीस मिळत नाही हे खरे, पण पहिल्या तिघांना ‘प्रभावी सादरीकरण’ म्हणून आणि पाचव्याला ‘उत्तम पाठांतर’ म्हणून गुण मिळताना मी पाहिले आहेत. चांगल्या पाठकाच्या गुणांत त्याच ग्रंथाने अक्षरांची स्पष्टता आणि शब्दांचा योग्य विभाग या दोन गोष्टी घातल्या आहेत. दोन्ही अहिराणी वळणाने मराठी बोलणाऱ्या मुलाला पूर्णपणे साधता येतात. एखादा वृद्ध शेतकरी अहिराणीत गोष्ट सांगत असेल तर त्याचा एकही शब्द वाया जात नाही, आणि घाईने शब्द खाणाऱ्या नातवाला तो तिथेच अडवतोही.

आता शब्दांच्या निवडीकडे येतो. ‘शेतकऱ्यांच्या समस्या’ हा आपल्याकडचा सदाबहार विषय. त्यावरचे भाषण ‘सुजाण परीक्षक, वंदनीय गुरुजनवर्ग’ यांपासून निघते आणि बळीराजा, जगाचा पोशिंदा, काळ्या आईची लेकरे, अस्मानी-सुलतानी संकटे अशी स्थानके घेत टाळ्यांपाशी थांबते. मध्ये कुठे कापूस येत नाही, केळी येत नाही, भाव येत नाही. मागे एका स्पर्धेत श्रोत्यांत बसून मी रावेर तालुक्यातील एका मुलाचे भाषण ऐकले. निम्मे भाषण याच ठरावीक वळणाने गेले. मग त्याचे पाठांतर तुटले, तो थांबला, आणि त्याने जूनमधल्या वादळाची हकीकत सांगायला सुरुवात केली: कांदेबागाची केळी काढणीला आली होती, खोडे मधोमध मोडून आडवी झाली, घड चिखलात गेले, व्यापाऱ्याने फोन उचलणे बंद केले आणि पंचनाम्याला माणूस यायच्या आधी घड सडायला लागले. सभागृह गप्प झाले होते. त्याने ‘केळी’ला प्रत्येक वेळी ‘केयी’ म्हटले. निकालानंतर परीक्षकांनी त्याला जे सांगितले त्यात पाठांतर कच्चे आणि उच्चार ग्रामीण एवढ्या दोनच गोष्टी होत्या.

त्या मुलाच्या दुसऱ्या अर्ध्या भाषणात शब्दयोजना होती, पहिल्या अर्ध्यात नव्हती, एवढेच मला म्हणायचे आहे. कांदेबाग आणि मृगबाग हे केळी लागवडीचे दोन वेगळे हंगाम आहेत; मुलाने त्यातला नेमका एक शब्द उचलला आणि नुकसान कोणत्या बागेचे, कोणत्या अवस्थेतले, हे ऐकणाऱ्याला एका शब्दात कळले. वाफसा, फरदड, दुबार पेरणी, पावसाने दिलेली ओढ हे शब्द ज्याच्या घरात रोज बोलले जातात त्याला आपण ‘पर्जन्यराजा रुसला’ असे म्हणायला शिकवतो आणि त्याला भाषावैभव म्हणतो. पर्जन्यराजा रुसला म्हणजे किती दिवस रुसला, पेरणीआधी की फुलोऱ्यात, हे त्या शब्दांना सांगता येत नाही.

संस्कृत शब्दांशी माझे भांडण आहे असे कृपया समजू नये. मराठीच्या कोठारात तत्सम, तद्भव, देशी, फारसी, इंग्रजी असे सगळे धान्य आहे, आणि निवडीला वाव त्यामुळेच मिळतो. मरणाचेच घ्या. शोकप्रस्तावात निधन झाले म्हणावे लागते. शेजारी वारले असे आपण सांगतो. विजेने जनावरे दगावली असे बातमीत येते. रागावलेला माणूस ‘मेला’ म्हणतो. पण ज्याच्या दावणीचा बैल मरतो तो शेतकरी ‘आमचा बैल गेला’ असेच म्हणतो, माणसाबद्दल म्हणावे तसे. यातला कोणताही शब्द दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ नाही. प्रत्येकाची जागा आहे आणि ती चुकली की ऐकणाऱ्याला खटकते. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले ते याच अर्थाने. भाषाशैलीच्या रकान्यात औचित्य मोजायचे ठरवले तर ‘नभांगण’ शब्दाला आपोआप गुण मिळणार नाहीत आणि ‘घड चिखलात गेले’ला आपोआप कमी मिळणार नाहीत.

बोलण्याची आणि लिहिण्याची शब्दयोजना वेगळी असते, हेही आपल्या गुणपत्रकांना ठाऊक नाही. वाचणाऱ्याचा डोळा मागे जाऊ शकतो, कान जाऊ शकत नाही. त्यामुळे लिहिताना खपणारे चार ओळींचे वाक्य व्यासपीठावर श्रोत्याला निम्म्यात सोडून देते. प्रमाण लेखनात ‘केले’, ‘म्हटले’ असते आणि बोलण्यात ‘केलं’, ‘म्हटलं’. लेखनविषयक नियमांनीही पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहिण्यास जागा ठेवली आहे. तरी आपली मुले भाषणात ‘त्यांनी कार्य केले आहे’ असे छापील बोलतात, कारण ते भाषण मुळात गुरुजींनी लिहून दिलेला निबंध असतो. उलट बाजूही आहे. परीक्षकांच्या मनोगतात ‘मी या ठिकाणी एवढंच सांगू इच्छितो’ हे वाक्य येऊन गेल्यावरही मनोगत बराच वेळ चालते, आणि त्या वेळी ‘या ठिकाणी’ किती वेळा आले हे मोजण्याचा खेळ मागच्या बाकांवर रंगलेला असतो. शब्द वाया घालवण्याचा धडा मुलांना आपणच देतो.

बोललेले आणि लिहिलेले यांची उत्तम गाठ पडल्याचे उदाहरण शोधायला आपल्याला धुळ्याबाहेर जावे लागत नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. समोर बसलेल्या कैद्यांत सगळ्या थरांतले लोक होते. विषय तत्त्वज्ञानाचा, शब्द मात्र घरातले, शेतातले, प्रवासातले, वाक्ये आखूड. बोलण्याच्या ओघात लिहून घेता आले आणि इतक्या वर्षांनंतरही वाचता येते, याचे मोठे श्रेय त्या निवडीला आहे. वक्ता कोकणात जन्मून बडोद्यात वाढलेला, लेखनिक पालगडचा, आणि काम झाले खानदेशात. त्यांच्या उच्चारांना कोणी गुण देत बसले नव्हते.

निबंध स्पर्धेबद्दल थोडेच लिहितो, कारण दुखणे तेच आहे. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशी सुरुवात, मध्ये दोन सुभाषिते, शेवटी ‘म्हणूनच म्हणावेसे वाटते’. असे दहा निबंध एकाखाली एक ठेवले तर कोणता कोणाचा हे त्यांच्या आईलाही ओळखता येणार नाही. हे दुरुस्त करायला विषय बदलणे पुरे. ‘मोबाईल: शाप की वरदान’ ऐवजी ‘आमच्या गावचा आठवडे बाजार’ किंवा ‘जिनिंगच्या दारातली रांग’ असा विषय दिला की पाठ केलेले शब्द आपोआप निकामी होतात आणि मुलाला स्वतःचे शोधावे लागतात.

माझी आपणास विनंती अशी आहे, की गुणपत्रकातील ‘उच्चार’ या रकान्याखाली ‘स्पष्टता व अर्थानुसारी विराम’ असे छापावे आणि बोलीच्या वळणासाठी गुण कापू नयेत, अशी सूचना परीक्षकांना लेखी द्यावी. ‘भाषाशैली’खाली ‘विषयाला व श्रोत्यांना साजेशी शब्दनिवड’ असे लिहावे. पाठ केलेल्या भाषणानंतर प्रत्येक स्पर्धकाला त्याच विषयावर एखादा प्रश्न विचारावा आणि शब्दनिवडीचे निम्मे गुण त्या उत्तरासाठी राखून ठेवावेत. मुलाचे शब्द कोणते आणि गुरुजींचे कोणते, हे पहिल्या दोन वाक्यांत कळते. गुण कापले असतील तर कोणत्या शब्दासाठी कापले तो शब्द लिहून कागद मुलाच्या हाती द्यावा. ‘उच्चार सुधारा’ या शेऱ्यातून कोणीही काही शिकलेले नाही. ‘ण’ आणि ‘ळ’ शिकवायचेच असतील, आणि ते शिकवावेतच, तर त्याची जागा चौथी-पाचवीचा वर्ग आहे. तिथे ‘तुझ्या घरी डोया, पुस्तकात डोळा’ असे जोडीने सांगितले की मूल दोन्ही सांभाळते, आणि त्याला आपल्या आईच्या बोलण्याची लाज वाटत नाही. आयोजकांनी एखादी फेरी अहिराणी, लेवा, भिली, पावरी यांपैकी कोणत्याही बोलीसाठी खुली ठेवता येते का, याचाही विचार करावा. फक्त त्या फेरीला ती बोली समजणारा परीक्षक बसवावा, नाहीतर तिथेही हावभावांनाच गुण मिळतील.

यातल्या काही सूचना अडचणीच्या वाटतील. प्रश्नोत्तरांना वेळ जास्त लागतो आणि तालुका फेरीत कधी कधी दिवस मावळेपर्यंत मुले ताटकळत असतात, हे मला माहीत आहे. त्यासाठी भाषणाचा वेळ पाच मिनिटांवरून साडेतीन मिनिटांवर आणला तरी चालेल. नमनाचे तेल तेवढे सहज वाचते.

येत्या १ ऑगस्टच्या आधी आयोजकांनी एक बैठक घेतल्यास नमुना गुणपत्रकाचा कच्चा मसुदा मी घेऊन येईन. तो मसुदा आपण मनसोक्त खोडावा. एक अट मात्र घालतो: त्या बैठकीला धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेत प्रत्यक्ष शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाला बोलवावे, त्यांचा प्रवासखर्च आयोजकांनी द्यावा, आणि मसुद्यावर पहिल्यांदा त्यांनी बोलावे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
धुळे